ट्रॅक्टरवरची दुसरी बॅटरी : भरावी कशी, राखावी कशी?



दसरा झाला. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या वाड्या-तांड्यांवर आता बांधाबांध सुरू होईल. कोयत्यांना धार लागेल, भांडीकुंडी ट्रॉलीत चढतील, आणि उचल घेतलेल्या टोळ्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतील. कारखान्याशी वाहतुकीचा करार केलेले ट्रॅक्टरमालकही दोन-दोन ट्रॉल्या जोडून तयार असतील. पुढचे चार-पाच महिने हा ट्रॅक्टर नुसते वाहन राहत नाही. तो टोळीचा गाडा असतो, घर हलवणारा असतो, आणि आता पुष्कळ ठिकाणी वीजघरही होऊ लागला आहे.

या शेवटच्या गोष्टीबद्दल आज लिहायचे आहे. कोपीत उजेड हवा, मोबाइल भरायला हवा, उन्हाळा लागला की लहानग्यांना पंखा हवा. म्हणून ट्रॅक्टरवर एक जादा बॅटरी बसवायची आणि ती ट्रॅक्टरच्याच डायनामोवर भरायची, ही कल्पना चांगली आहे. पूर्वी अशी जादा बॅटरी शिशाचीच असे. आता बाजारात लिथियम बॅटरी सहज मिळते. ती वजनाला हलकी, टिकायला दणकट. मात्र ती जोडताना जुनाच रिवाज चालू आहे : धनाला धन, ऋणाला ऋण, दोन वायरी टाकल्या की झाले! इथेच घात होतो. सकाळी सेल्फ मारायला जावे तर ट्रॅक्टर मुका. नाहीतर ऐन हंगामात डायनामो जळतो, टोळी फडात बसून राहते आणि खेप बुडते. सर्वांत वाईट म्हणजे वायर तापून कोपीला आग लागू शकते. म्हणून जोडणी कशी करावी ते नीट समजून घेऊ या.

इंजिनाची बॅटरी आणि घरची बॅटरी

युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात काही लोक मोटारीतच बिछाना, चूल आणि दिवे बसवून गावोगाव फिरतात. त्यांच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी आणि दुसरी ‘घरची’. त्यांची हौस वेगळी आणि आपल्या ऊसतोड भावंडांची निकड वेगळी, पण अडचण नेमकी तीच आहे : चालत्या इंजिनावर घरची बॅटरी भरायची आणि इंजिनाच्या बॅटरीला धक्का लागू द्यायचा नाही. त्यांचेच शब्द आपणही वापरू. ट्रॅक्टरची मूळची ती ‘इंजिनाची’ आणि नवी ती ‘घरची’.

इंजिनाची बॅटरी शिशाची असते. तिचे काम पहिलवानी आहे. सेल्फ मारताना दोन-चार सेकंद शेकडो अँपिअरचा जोर लावायचा आणि मग स्वस्थ बसायचे. तिला रात्रभर दिवे किंवा डेक ओढायला लावणे म्हणजे शर्यतीच्या बैलाला नांगराला जुंपणे आहे. हिशेब पाहा. २० अँपिअर ओढणारा डेक कारखान्याच्या गाडीतळावर नंबर येईपर्यंत चार तास वाजला, तर ८० अँपिअर-तास गेले. ट्रॅक्टरची बॅटरी ८८ अँपिअर-तासांची असेल तर ती तळालाच गेली. अशी ती वारंवार उतरली की पत्र्यांवर गंधकाचा पांढरा थर बसतो आणि बॅटरी कायमची नासते.

घरची बॅटरी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची. तिच्यावरच्या लेबलवर हे नाव किंवा एलएफपी ही अक्षरे असतात. हा पदार्थ बॅटरीसाठी वापरता येतो हे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ, अक्षय पाधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. पुढे २०१९ साली लिथियम बॅटरीवरील कामासाठी गुडइनफ यांना आणखी दोघांबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीपेक्षा हा प्रकार शांत डोक्याचा आहे. तो सहजासहजी पेट घेत नाही, आणि नीट वापरला तर दोन हजारांहून जास्त वेळा भरता-उतरवता येतो. जुन्या स्कूटरच्या किंवा भंगारातल्या सेलांना डाग देऊन बनवलेले पॅक स्वस्तात मिळतात. ते घेऊ नका. त्यांची जात कळत नाही आणि वयही कळत नाही.

डायनामो का जळतो?

आपण सवयीने डायनामो म्हणतो, पण हल्लीच्या ट्रॅक्टरवर असतो तो अल्टरनेटर. फॅनबेल्टवर तो फिरतो आणि वीज तयार करतो. त्याच्यात एक रेग्युलेटर असतो. हा रेग्युलेटर फक्त दाब पाहतो, म्हणजे व्होल्ट. तो १४ व्होल्टच्या आसपास टिकवायचा, एवढेच त्याला ठाऊक. अंगातून किती अँपिअर जात आहेत, अंग किती तापले आहे, याची बहुतेकांना शुद्ध नसते.

शिशाची बॅटरी समजूतदार आहे. तहानलेला बैल हौदावर आधी घटाघट पितो आणि पोट भरत आले की आपोआप हळू होतो, तशी ती भरत जाते तसतसा प्रवाह स्वतःच कमी करते. लिथियम बॅटरीचे तसे नाही. ती जवळजवळ काठोकाठ भरेपर्यंत मिळेल तेवढे ओढत राहते. तिच्यामुळे दाब वर चढत नाही, म्हणून रेग्युलेटरला वाटते अजून वीज कमीच पडते आहे, आणि तो अल्टरनेटरला पूर्ण ताकदीने पळवतो. तास-दीड तास पूर्ण भार सोसायला तो अल्टरनेटर बनवलेला नसतो. पुष्कळ ट्रॅक्टरांचे अल्टरनेटर ३५ ते ४५ अँपिअरचे असतात. त्यांनी सकाळी बॅटरी सावरायची आणि रात्री दिवे लावायचे, एवढाच मूळचा बेत असतो.

त्यात आणखी एक गोम आहे. अल्टरनेटर थंड राहतो तो त्याच्याच पंख्याने, आणि पंखा फिरतो इंजिनाच्या वेगावर. रस्त्याने खेप नेताना वारा मिळतो. कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर मंद इंजिनावर वीतवीत सरकत असताना मात्र पंखा रेंगाळतो आणि भार तेवढाच राहतो. अशा वेळी आतल्या तारांवरचा रोगणाचा लेप वितळतो, डायोड उडतात. करपल्यासारखा वास आला की समजावे, डायनामो चालला.

दुसरा धोका बॅटरी भरल्यानंतरचा. लिथियम बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाचा एक राखणदार असतो. बॅटरी फार भरली, फार उतरली किंवा फार तापली की तो जोडणी झटक्यात तोडतो. मोटार चालू असताना पाइपलाइनचा वॉल्व्ह एकदम बंद केला तर पाण्याचा दणका बसून पाइप फुटतो, हे तुम्ही पाहिले असेल. भरात असलेल्या अल्टरनेटरचा भार एकाएकी तुटला की विजेचा तसाच दणका उठतो. इंजिनाची बॅटरी पक्की जोडलेली असेल तर ती हा दणका बराचसा झेलते. तिचे टर्मिनल ढिले असेल, तर मात्र डायोडांची खैर नाही. याच कारणाने एक जुनी सवय सोडून द्या. ‘डायनामो चालतो का बघू’ म्हणत इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून पाहणे जुन्या डायनामोच्या काळात खपून गेले. अल्टरनेटरवर ते करू नका.

वेगळे राहण्याचे तीन मार्ग

दोघींनी एकाच विहिरीचे पाणी घ्यावे, पण एकीच्या रानातून दुसरीच्या रानात पाणी पळू नये, अशी सोय करायची आहे. त्यासाठी तीन वस्तू बाजारात मिळतात.

पहिली वस्तू डायोडचा आयसोलेटर. हा झडपेसारखा असतो, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. पण साधा डायोड वाटेत अर्ध्या-पाऊण व्होल्टचा टोल घेतो. चौदातले पाऊण गेले की लिथियम बॅटरी पूर्ण भरत नाही. शिवाय प्रवाहावर मर्यादा नाहीच.

दुसरी वस्तू रिले. दाब पाहणारा रिले साधारण १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८च्या खाली गेले की तोडतो. शिशाच्या दोन बॅटऱ्यांना तो चांगला, कारण इंजिन बंद झाले की त्यांचा दाब लवकर १२.६-१२.७वर उतरतो. लिथियम बॅटरी मात्र नुसती पडून असतानाही १३.३च्या आसपास दाब दाखवते. रिलेला वाटते, इंजिन चालूच आहे. तो तोडतच नाही. इकडे डेक वाजतो, तिकडे दोघी मिळून उतरतात. किल्लीवर चालणारा रिले याहून बरा. पण आपल्याकडे कितीतरी ट्रॅक्टर नॉब ओढून बंद करतात आणि किल्ली तशीच ‘ऑन’ राहते. तिथे तोही फसतो. आणि दोन्ही रिलेंचा मोठा दोष हा की ते दार पूर्ण उघडतात. डायनामोला वाचवत नाहीत.

तिसरी वस्तू डीसी-टू-डीसी चार्जर. काही दुकानदार याला बॅटरी-टू-बॅटरी चार्जर म्हणतात. मी याला पाटकरी म्हणतो. कालव्याचा पाटकरी काय करतो? दाराशी उभा राहतो, चारीला ठरलेलेच पाणी सोडतो, वरचे पाणी कमी झाले की दार लावतो, आणि चारीचे पाणी उलटे कालव्यात येऊ देत नाही. हा चार्जर नेमके हेच करतो. तो इंजिनाच्या बॅटरीकडून ठरलेलेच अँपिअर घेतो, घरच्या बॅटरीला तिच्या प्रकृतीप्रमाणे १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत भरतो आणि भरली की थांबतो. दोन्ही बॅटऱ्या तो एकमेकींना थेट भिडवत नाही, म्हणून लिथियमच्या दाबाने त्याची फसगतही होत नाही. त्याची नजर असते इंजिनाच्या बॅटरीवर. तिचा दाब चढला म्हणजे इंजिन चालू, उतरला म्हणजे बंद. म्हणून किल्ली ‘ऑन’ राहिली तरी तो सकाळच्या सेल्फला हात लावत नाही. घेताना ही इंजिन ओळखण्याची सोय आहे ना आणि लिथियम फॉस्फेटची सेटिंग आहे ना, या दोन गोष्टी विचारूनच घ्या. तेवढ्याच आकाराचे, नुसता व्होल्ट कमी-जास्त करणारे स्वस्त कन्व्हर्टरही मिळतात. ते या कामाचे नव्हेत.

माझा सल्ला सरळ आहे. लिथियम बॅटरी घ्यायची असेल तर पाटकऱ्यासकट घ्या. पाटकऱ्याला पैसे नसतील तर थांबा, पण थेट जोडू नका. वाचवलेला पैसा एका जळालेल्या डायनामोत आणि बुडालेल्या खेपांत दुपटीने जाईल.

किती मोठे घ्यावे?

नाकापेक्षा मोती जड नको. आधी घरची गरज मांडू. एका कोपीत ९ वॅटचे तीन एलईडी दिवे, रोज चार तास, म्हणजे १०८ वॅट-तास. चार मोबाइल, प्रत्येकी सुमारे १५, म्हणजे ६०. एकूण १६८. होळीनंतर २० वॅटचा छोटा पंखा सहा तास चालला तर आणखी १२०. मिळून २८८ वॅट-तास.

१२.८ व्होल्टची ३० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ३८४ वॅट-तास धरते. तिच्यातले ८० टक्के, म्हणजे ३०७, वापरावेत. आपले २८८ त्यात बसतात. म्हणजे १०० अँपिअर-तासांची थोरली बॅटरी घेण्याचे कारण नाही. दिवे आणि पंखा १२ व्होल्टचेच घ्या. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट केले की वाटेतच वीज वाया जाते.

आता चार्जर. तो १० अँपिअरचा पुरे. त्यावर हिवाळ्यातली रोजची वीज दीड तासाच्या आत भरून निघते आणि पंख्यासकटची सव्वादोन-अडीच तासांत. फड ते कारखाना जाण्यायेण्यात एवढा वेळ सहज जातो. १० अँपिअर देण्यासाठी हा चार्जर इंजिनाच्या बाजूने सुमारे १२ अँपिअर घेतो. अल्टरनेटर ४० अँपिअरचा असेल तर १२ म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून कमी. हाच नियम लक्षात ठेवा : अल्टरनेटरच्या पाटीवरचा आकडा वाचा आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भार घरच्या बॅटरीसाठी लावू नका. पाटीवरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो. मंद इंजिनावर तो बराच खाली येतो. रात्री ५५ वॅटचे दोन हेडलाइट ९ अँपिअर घेतात, ट्रॉलीचे दिवे वेगळेच. म्हणून चार्जरला एक वेगळा स्विच ठेवा. दिवसा रस्त्याने चालताना चालू, रात्री रांगेत बंद.

परीक्षा सोपी आहे. मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना इंजिनाच्या बॅटरीवर १२.५च्या वर दिसले पाहिजे. इंजिन चालू करून वेग दिला की १३.८ ते १४.४. आता हेडलाइट आणि चार्जर दोन्ही लावा. दाब १३.२च्या खाली घसरत असेल तर डायनामोला ते ओझे झेपत नाही. बेल्ट ताणून पाहा, टर्मिनल घासून पाहा, आणि तरीही तेच असेल तर छोटा चार्जर लावा.

एकीऐवजी दोन

इथे एक अडचण येईल. ट्रॅक्टर कारखान्यावर अडकला की बॅटरी त्याच्याबरोबर आणि कोपी अंधारात. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापणाऱ्या बाईला उजेड नाही. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला तर उसाच्या कडेला बिबट्याची भीती. म्हणून एक मोठी बॅटरी घेण्याऐवजी ३० अँपिअर-तासांच्या दोन घ्या. एक दिवसभर ट्रॅक्टरवर भरते, एक कोपीत असते. ट्रॅक्टर आला की अदलाबदल. अशी बॅटरी चार किलोच्या आसपास भरते, घरातले कोणीही उचलून नेईल. दोन्हींना एकसारखे प्लग लावून घ्या, लाल-काळ्याची गफलत होणार नाही असे. फक्त एक भरलेली आणि एक उतरलेली बॅटरी एकमेकींना कधी जोडू नका. भरलेली रिकामीवर तुटून पडते.

वायर, फ्यूज आणि पाचटाची कोपी

भगिनींनो, हा भाग तुम्ही जरूर वाचा, कारण कोपीत जास्त वेळ तुमची मुले असतात. कोपी पाचटाची, चटईची, बांबूची. पूर्वी चिमणीची भीती होती. दिवे विजेचे आले म्हणून आगीची भीती गेली असे समजू नका. छोट्या दिसणाऱ्या बॅटरीची दोन टोके वायरीने भिडली तर वायर काही क्षणांत लाल होते. तिला आवरणारा एकच, फ्यूज.

फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. इंजिनाच्या बॅटरीजवळ एक, २० अँपिअरचा. घरच्या बॅटरीच्या भरण्याच्या वायरीवर एक, १५ अँपिअरचा. कोपीकडे जाणाऱ्या वायरीवर तिसरा, १० अँपिअरचा. फ्यूज उडाला तर कारण शोधा. तिथे तार गुंडाळणे म्हणजे राखणीच्या कुत्र्याला विष घालणे.

भरण्याची वायर ६ चौरस मिलिमीटरची, अस्सल तांब्याची घ्या. तीन मीटर अंतराला तिच्यात जेमतेम पाव व्होल्ट हरवतो. २.५ची बारीक वायर घेतली तर अर्धा व्होल्ट जातो आणि वायर तापते. कोपीतल्या दिव्यांना मात्र २.५ची पुरते. ऋण वायरही वेगळी ओढा. ट्रॉलीची कडी आणि पिन म्हणजे अर्थिंग नव्हे, धुळीने आणि गंजाने ती जोडणी क्षणात तुटते. ट्रॉलीच्या दिव्यांसाठी जो प्लग असतो त्यातून भरण्याची वीज घेऊ नका, त्याच्या पिना एवढ्या अँपिअरला पेलत नाहीत. वायर सायलेन्सरपासून आणि फिरत्या भागांपासून लांब, नळीत घालून, जागोजाग बांधून न्या.

ऊन, पाऊस आणि जागा

लिथियम बॅटरीला पंचेचाळीस अंशांवरच्या उष्णतेत भरणे सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवाच चाळिशी ओलांडते. तेव्हा ती बॉनेटखाली किंवा इंजिनाशेजारी कधीही बसवू नका. मडगार्डच्या मागे, सावलीत, हवा खेळेल अशा पेटीत, रबराच्या पट्टीवर घट्ट बांधून ठेवा. चार्जरही तापतो, त्याच्या चारी बाजूंना चार बोटे जागा सोडा. शून्य अंशाखालीही ही बॅटरी भरू नये, पण आपल्या फडांवर तशी थंडी सहसा पडत नाही. हंगाम संपला की अर्ध्याहून थोडी जास्त भरून, वायरी काढून, घरात गार जागी ठेवा.

घेण्याआधी एक विचार

ही सगळी सोय कोणासाठी? ज्यांचा ट्रॅक्टर रोज तीन-चार तास चालतोच, त्यांच्यासाठी. तिथे डायनामोची जादा वीज जवळजवळ फुकट पडते. पण नुसती बॅटरी भरायला ट्रॅक्टर उभा करून चालवणार असाल तर हात जोडून सांगतो, तसे करू नका. उभा ट्रॅक्टर तासाला लिटरभर डिझेल सहज पितो, आणि मंद इंजिनावर डायनामोचेही हाल. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! ज्यांचा ट्रॅक्टर आठवड्यातून दोनदाच निघतो, किंवा जी टोळी टायरगाडीवर आहे, त्यांनी १०० वॅटचे एक सौर पॅनल आणि लिथियमला चालणारा कंट्रोलर घ्यावा. हिवाळ्या-उन्हाळ्याच्या स्वच्छ उन्हात ते दिवसाला ४०० वॅट-तासांच्या घरात वीज देते. वर केलेल्या हिशेबाला ते पुरून उरते.

दोन नेहमीच्या शंका

घरच्या लिथियम बॅटरीवर ट्रॅक्टरचा सेल्फ मारता येईल का? नाही. सेल्फ शेकडो अँपिअर मागतो. ३० अँपिअर-तासांच्या बॅटरीतला राखणदार ते देणार नाही, जोडणी तोडेल. अडचणीत दुसऱ्या ट्रॅक्टरची शिशाची बॅटरी आणि जाड जंपर वायर वापरा.

दुकानातल्या जुन्या चार्जरवर लिथियम भरावी का? शिशाची मरगळ काढायला काही जुने चार्जर १५ व्होल्टच्या वर दाब देतात. तो लिथियमला घातक आहे. त्यावर लिथियम फॉस्फेटची सोय स्पष्ट लिहिलेली असेल तरच लावा.

थोडक्यात

कापून कोपीत किंवा टूलबॉक्समध्ये ठेवण्यासाठी :

१) इंजिनाची बॅटरी सेल्फसाठी, घरची बॅटरी घरासाठी. डेकही घरच्याच बाजूला, आणि तो लावायचा तर त्याच्या अँपिअरचा हिशेब वेगळा मांडून.
२) लिथियम बॅटरी डायनामोला थेट जोडू नये. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.
३) चार्जरचा भार अल्टरनेटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत.
४) प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज. तार गुंडाळू नये.
५) इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये.
६) करपल्याचा वास आला की चार्जर बंद, ट्रॅक्टर उभा, आणि मग तपासणी.
७) ट्रॅक्टर नवा असेल तर जोडणीआधी विक्रेत्याला वॉरंटीबद्दल विचारावे, आणि काम जाणत्या वायरिंगवाल्याकडून करून घ्यावे.

उसाच्या हंगामात एक दिवस बुडाला की मालकाचा हप्ता आणि कोयत्याची मजुरी दोन्ही बुडतात. तीन वायरी आणि एक पेटी नीट जोडली तर हा दिवस वाचतो, आणि कोपीतल्या पोराला रात्री पाटी-पुस्तक उघडायला उजेडही मिळतो. निघण्यापूर्वी, गावातच, सवडीने ही जोडणी करून घ्या. फडावर गेल्यावर सवड मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याच्या पेरणीपूर्वी बियाण्याला कोणती प्रक्रिया करावी ते पाहू. तोवर रामराम.